पाच गावांची पाचगणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, पाचगणी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं, ते मला साधारण ठाऊक आहे. टेबल लँडवरचे घोडे, क्रीममध्ये बुडालेली स्ट्रॉबेरी, ब्लेझर घालून रांगेत चाललेली निवासी शाळेतली मुलं, आणि महाबळेश्वरला जाताना चहासाठी घेतलेला अर्ध्या तासाचा थांबा. या चित्रात खोटं काहीच नाही. फक्त ते गाडीच्या काचेतून दिसलेलं चित्र आहे. माझा जन्म या डोंगरावरच्या एका खेड्यातला, आणि तीस वर्षं मी इथल्याच मुलांना भूगोल शिकवला. त्यामुळे आज मी तुम्हाला पाचगणी जरा वेगळ्या क्रमानं दाखवणार आहे. तो क्रम मी एका स्कॉटिश माणसाकडून उसना घेतला आहे.

त्या माणसाचं नाव सर जॉन सिंक्लेअर. अठराव्या शतकाच्या शेवटच्या दशकात या गृहस्थानं स्कॉटलंडमधल्या प्रत्येक पॅरिशच्या धर्मगुरूला एक लांबलचक प्रश्नावली पाठवली. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हाताखालचा मुलूख. आपल्याकडचा कसबा आणि त्याच्या आजूबाजूच्या वाड्यावस्त्या एकत्र धरल्या, तर साधारण तेवढा. तुमच्याकडे डोंगर कुठले, नद्या कुठल्या, झरे किती, पीक कोणतं, शाळा आहे का, शिक्षकाला पगार किती, गरिबांची सोय काय, असे दीडशेच्या वर प्रश्न त्यात होते. उत्तरं आणायला सिंक्लेअरनं चिकाटीनं पिच्छा पुरवला आणि नऊशेहून अधिक पॅरिशचं वर्णन १७९१ ते १७९९ या काळात एकवीस खंडांत छापून निघालं. गावच्याच माणसानं गावाबद्दल लिहायचं, आणि देवळापासून शेणखतापर्यंत सगळं लिहायचं, ही त्यातली गंमत.

तुम्ही म्हणाल, याचा पाचगणीशी काय संबंध? आहे, आणि चांगला जवळचा आहे. आपण ज्याला जुनं गॅझेटियर म्हणतो, त्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स कॅम्पबेल हे स्कॉटलंडच्या एका पॅरिशमध्ये धर्मगुरू राहिलेल्या माणसाचे चिरंजीव. त्यांच्या देखरेखीखाली साताऱ्याचा खंड १८८५ मध्ये निघाला. पाचगणीची पहिली सविस्तर नोंद शोधायला आजही त्याच खंडाकडे जावं लागतं. शिवाय ज्यांच्यामुळे हा डोंगर इंग्रजांच्या नजरेत भरला, ते मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम हेही स्कॉटिशच. डम्फ्रीजशायरमधल्या वेस्टरकर्क नावाच्या मेंढपाळांच्या पॅरिशमध्ये १७६९ साली त्यांचा जन्म झाला. म्हणजे सिंक्लेअरच्या प्रश्नांना पाचगणीनं उत्तर देण्यात तसं काही वावगं नाही.

पहिला प्रश्न नावाचा. पाचगणी म्हणजे पाच गावांची. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट ही ती पाच गावं. या पाचांच्या मधल्या माळावर शहर वसलं, आणि नाव मात्र पाचांचं घेऊन बसलं. पर्यटकांना हे नाव माहीत असतं, गावं माहीत नसतात. घाट चढून आल्यावर जिथं नगरपालिकेच्या नाक्यावर गाडी थांबते आणि पावती फाडली जाते, ते दांडेघर. तिथून पुढे गेलात की तुम्ही पाचगणीत आलात असं तुम्हाला वाटतं. खरं तर तुम्ही नाक्यावरच पाचगणीत आलेले असता.

जागा कुठली, तर सातारा जिल्हा, महाबळेश्वर तालुका, समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंचीवर. पुणे-सातारा महामार्गावर सुरूर फाट्याला वळलं की वाई, आणि वाईच्या पुढे पसरणी घाट. घाटाच्या पायथ्याचं पसरणी गाव लहान असलं तरी सामान्य नव्हे. शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ मध्ये याच गावचा. आज राज्यगीत म्हणून आपण जे ऐकतो, ते त्यांच्याच आवाजानं घराघरांत पोचवलं. खाली वाईत मराठी विश्वकोशाचं कार्यालय. ज्ञानाचा एवढा मोठा व्याप कृष्णाकाठी, आणि त्याच्या डोक्यावर बारा-तेरा किलोमीटरच्या वळणांनंतर आमचा डोंगर.

आता थोडं जमिनीविषयी. इथं मी जरा रेंगाळणार आहे. शिक्षकाची खोड म्हणा हवं तर.

पाचगणीचा डोंगर काळ्या बसाल्टचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर पुन्हा वाहिला. असे थरावर थर बसत सह्याद्री तयार झाला. घाटातून वर येताना उघड्या कड्यावर हे थर पायऱ्यांसारखे दिसतात. पण डोंगराच्या अगदी माथ्यावर काळा दगड नाही. तिथं आहे तांबूस, छिद्राछिद्रांचा जांभा. कोकणात घरं बांधतात तोच. मग तो इतक्या उंचीवर कसा? तर उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षं पावसाचं पाणी खडकात मुरत राहिलं. त्यानं खडकातला वालुकेचा, म्हणजे सिलिकाचा अंश धुऊन नेला आणि लोह व ॲल्युमिनियम मागे ठेवलं. हवेत उघडं पडल्यावर हे उरलेलं कवच घट्ट झालं. आजूबाजूचा मऊ भाग झिजून खोल दऱ्या झाल्या, आणि हे कवच डोक्यावर घेतलेले डोंगर तेवढे सपाट माथ्याचे उरले. टेबल लँड म्हणजे असं एक झाकण आहे. वाटाडे तुम्हाला सांगतात, आशियातलं दुसऱ्या क्रमांकाचं पठार. हे क्रमांक कुणी लावले, त्यांना विचारू नका. पठार पाहा, ते क्रमांकावाचूनही पाहण्यासारखं आहे.

या झाकणाचा खरा उपयोग डोळ्यांना दिसत नाही. जांभ्याला छिद्रं असतात, त्यामुळे पावसाचं पाणी त्यातून खाली उतरतं. जांभ्याखाली पांढुरक्या-तांबूस चिकणमातीचा थर असतो आणि त्याखाली घट्ट बसाल्ट. पाणी तिथं अडतं आणि वाट मिळेल तिकडून आडवं वाहत डोंगराच्या कडेनं बाहेर पडतं. तो झरा. आमची गावं, आमची देवळं, जुन्या विहिरी कुठं आहेत हे नकाशावर पाहा. बहुतेक सगळी या झाकणाच्या कडेच्या खालच्या अंगाला. आमच्या पूर्वजांनी भूशास्त्र शिकलेलं नव्हतं, पण घागर घेऊन बायकांना किती चालावं लागेल याचा हिशेब त्यांना चोख येत होता. पठाराच्या कडेला ज्या गुहा आहेत, त्याही अशाच झाल्या. जांभ्याखालची मऊ माती धुपली, वरचं छत तेवढं राहिलं. टेबल लँडच्या अंगाला असलेल्या अशा एका गुहेला इंग्रजांनी डेव्हिल्स किचन म्हटलं. आमच्याकडे सांगतात की वनवासात पांडव तिथं राहिले आणि स्वयंपाक केला. सैतानाचं असो की द्रौपदीचं, चूल मात्र दोघांनाही तिथंच सुचली. राजपुरीच्या गुहाही याच घडणीच्या. तिथं कार्तिकेयाचं स्थान आहे आणि आत झऱ्याच्या पाण्याची कुंडं आहेत.

पावसाळा संपता संपता पठारावर या. मातीचा थर बोटभरसुद्धा नसतो, तरी त्या ओलसर खडकावर गेंदाचे पांढरे ठिपके आणि सीतेच्या आसवांची निळीजांभळी नक्षी उमटते. ही निळी फुलं दिसायला गरीब, पण त्यांची मुळांशी असलेली बारीक फुग्यांसारखी जाळी पाण्यातले सूक्ष्म किडे पकडून खाते. खडकात अन्नच नाही म्हटल्यावर झाडानं तरी काय करावं! कासचं पठार २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं आणि तिथं गर्दी लोटली. तशीच वनस्पती-सृष्टी आमच्या पठारांवरही आहे, घोड्यांच्या टापांतून वाचेल तेवढी.

आता पाऊस. महाबळेश्वर आणि पाचगणी यांत अंतर एकोणीस किलोमीटर. पण महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि पाचगणीत त्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास. कोकणातून चढून आलेले ढग सह्याद्रीच्या धारेवर आपलं ओझं टाकतात, आणि पूर्वेकडे सरकताना हलके होत जातात. या एकोणीस किलोमीटरांनी पाचगणीचं नशीब ठरवलं.

झालं असं की माल्कमसाहेबांनी साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी बोलणी करून महाबळेश्वरची जागा १८२९ मध्ये कंपनीकडे घेतली आणि बदल्यात खंडाळा गाव दिलं. माल्कमपेठ उभी राहिली. पण जून लागला की साहेबांना सामानसुमान बांधून खाली पळावं लागे. चार महिने तिथं राहणंच अशक्य. मग बारमाही राहता येईल अशी, थंड पण कोरडी जागा हवी झाली. ती शोधण्याचं आणि वसवण्याचं श्रेय जॉन चेसन यांना दिलं जातं. १८६० च्या दशकात त्यांच्या देखरेखीखाली इथं वस्ती आकाराला आली. वाटाडे त्यांना लॉर्ड चेसन म्हणतात. ही पदवी त्यांना इंग्लंडच्या राणीनं दिलेली नाही, आमच्या वाटाड्यांनी दिलेली आहे, आणि मला ती मान्य आहे. सिल्व्हर ओकच्या ज्या उंच सरळ रांगा तुम्हाला पाचगणीत दिसतात, ती विलायती झाडांची हौस त्या काळातली. सिल्व्हर ओक मूळचा ऑस्ट्रेलियातला, पण आज त्याच्यावाचून पाचगणीचं चित्र पुरं होत नाही. चेसनसाहेब पुढे इथंच राहिले आणि सेंट पीटर्स चर्चच्या आवारात त्यांना मूठमाती मिळाली. हिल स्टेशन वसवणारे साहेब बहुधा पेन्शन घेऊन मायदेशी जात. हा माणूस गेला नाही, एवढ्यासाठी तरी त्या थडग्यापाशी दोन मिनिटं थांबावं.

बाकी पॉइंट मी भरभर सांगतो, कारण ते तुम्ही पाहिलेले आहेत. उत्तरेला सिडने पॉइंट. सेनापती सर सिडने बेकविथ यांचं नाव त्याला आहे, आणि त्यांचा स्मारकस्तंभ महाबळेश्वरला आहे. इथून खाली कृष्णेचं खोरं आणि धोम धरणाचा जलाशय दिसतो, समोर पांडवगड, मांढरदेवचा डोंगर, डावीकडे कमळगड. पारशी पॉइंटवरूनही दृश्य तेच, फक्त कणसं जास्त मिळतात. दक्षिणेला कुडाळीचं खोरं, म्हणजे जावळीचा मुलूख. एका बाजूला कृष्णा, दुसऱ्या बाजूला कुडाळी, आणि मधल्या धारेवर आम्ही.

सिंक्लेअरच्या यादीत शाळेचा प्रश्न फार महत्त्वाचा होता. स्कॉटलंडमध्ये पॅरिशनं शाळा चालवायची, असा कायदाच होता आणि शेतकऱ्याचं पोर धर्मगुरूच्या पोराशेजारी बसून शिकत असे, याचा त्यांना अभिमान. आमच्याकडे शाळांची काय कमी! सेंट जोसेफ्स कॉन्व्हेंट १८९५ चं. किमिन्स १८९८ चं. मुलग्यांचं सेंट पीटर्स विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं. पारशी समाजाची शाळा निघाली, ती आज बिलिमोरिया म्हणून ओळखली जाते. १९२२ मध्ये संजीवन विद्यालय निघालं, आणि साहेबी वळणाच्या गावात देशी वळणाची निवासी शाळा उभी राहिली. १९४५ मध्ये बहाई पंथीयांनी न्यू एरा काढली. आमिर खानचा ‘तारे जमीं पर’ हा २००७ चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, त्यातली निवासी शाळा म्हणजे हीच. या डोंगरावर पारशी, ख्रिस्ती, मुसलमान, बहाई, हिंदू अशा सगळ्यांच्या शाळा शेजारीशेजारी नांदल्या, हे मला या गावाचं मोठं वैभव वाटतं. आफ्रिकेतून, आखातातून मुलं इथं येत. झांजिबारमधून आलेला फारोख बलसारा नावाचा आठ वर्षांचा पारशी मुलगा १९५५ मध्ये सेंट पीटर्समध्ये दाखल झाला. पियानो शिकला, मित्रांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचं बँड काढलं, आणि १९६३ मध्ये गेला. पुढे जगानं त्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखलं. त्याला फ्रेडी म्हणायला सुरुवात मात्र इथल्या शाळूसोबत्यांनी केली.

पण आमच्या पाच गावांतल्या मुलांचं काय? माझी आई एका निवासी शाळेच्या भटारखान्यात चपात्या लाटायला जायची. पहाटे साडेचारला कंदील घेऊन निघायची. तिच्याबरोबर गावातल्या आणखी सहा-सात बायका. माळी, शिपाई, धोबी, आचारी, रखवालदार हे सगळे आमच्याच गावांतले. शाळेच्या कुंपणाच्या आत आम्ही रोज जायचो, पण वर्गात नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि मला त्याची खंत नाही, आमचे गुरुजी फार चांगले होते. मात्र मुलांना भूगोल शिकवताना मला नेहमी एक प्रश्न पडे. ज्या गावाचा धंदाच शिक्षण हा, त्या गावाच्या पोरांना शिक्षणासाठी वाईला आणि साताऱ्याला एसटीनं का जावं लागतं? अलीकडे चित्र बदलतं आहे. काही शाळा स्थानिक मुलांना दिवसाच्या शाळेत घेतात, फी सवलतीही देतात. माझा एक विद्यार्थी, ज्याचे वडील एका शाळेत माळी होते, आज दुसऱ्या एका निवासी शाळेत गणित शिकवतो. त्याच्या आईनं पहिल्या पगाराच्या दिवशी सगळ्या आळीत पेढे वाटले. असे आणखी पेढे खायची माझी तयारी आहे.

शाळांइतकंच जुनं दुसरं काम म्हणजे हवापालट. क्षयावर औषध नव्हतं त्या काळात डॉक्टर एवढंच सांगू शकत, की कोरड्या थंड हवेत जा, विश्रांती घ्या, दूध-अंडी खा. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, त्याआधीची ही गोष्ट. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथं क्षयरोग्यांसाठी आरोग्यधाम सुरू केलं. तेच बेल-एअर. मुंबईच्या चाळींतून आणि बंगल्यांतूनही माणसं इथं येऊन महिनोन्महिने व्हरांड्यात खाटेवर पडून राहत. काही बरी होऊन गेली, काही इथंच राहिली. खोकल्याच्या भीतीनं गावातले लोक त्या रस्त्यानं नाकाला पदर लावून जात, असं माझी आजी सांगे. पुढे क्षयावर गोळ्या आल्या, संस्था इंडियन रेड क्रॉसकडे गेली, आणि एचआयव्हीची लागण झालेल्यांना जेव्हा दवाखाने दारात उभं करत नव्हते, तेव्हा बेल-एअरनं त्यांच्यासाठी खाटा ठेवल्या. ज्याला कुणी जवळ करत नाही त्याला पाचगणीनं जवळ केलं, असं दोनदा घडलं. पॉइंटांच्या यादीत हे रुग्णालय नसतं. माझ्या यादीत ते वर आहे.

हवापालटासाठीच १९४४ च्या जुलैमध्ये महात्मा गांधी इथं आले. आगाखान पॅलेसमधून मे महिन्यात त्यांची सुटका झाली होती, कस्तुरबा तिथंच गेल्या होत्या, प्रकृती पार खालावलेली. ‘दिलखुशा’ बंगल्यात त्यांचा मुक्काम होता. पण विश्रांती कसली! ‘न्यूज क्रॉनिकल’चे वार्ताहर स्टुअर्ट गेल्डर यांना त्यांनी इथंच मुलाखत दिली आणि ती जगभर गाजली. १७ जुलैला याच पत्त्यावरून त्यांनी दोन पत्रं लिहिली. एक बॅरिस्टर जीनांना, गुजरातीत, भेटीची इच्छा सांगणारं. त्यातून सप्टेंबरातल्या मुंबईच्या वाटाघाटी झाल्या. दुसरं थेट विन्स्टन चर्चिलना. ते वाटेत कुठंतरी गहाळ झालं आणि पुन्हा पाठवावं लागलं. बाहेर धो धो पाऊस, ढगात बुडालेला बंगला, आणि आत एक अशक्त माणूस देशाची फाळणी टळते का हे पाहतो आहे. त्याच महिन्यात प्रार्थनासभेत नथुराम गोडसे आणि त्यांच्या साथीदारांनी निदर्शनं केली. भिलारचे स्वातंत्र्यसैनिक भि. दा. भिलारे गुरुजी अखेरपर्यंत सांगत, की गोडसेच्या हातात सुरा होता आणि आपण त्याला अडवलं. सुऱ्याविषयी मतभेद आहेत, पुढे कपूर आयोगासमोरही हा विषय निघाला. भिलारे गुरुजी २०१७ मध्ये गेले.

गांधीजींचे नातू राजमोहन गांधी यांच्या पुढाकारानं नैतिक पुनरुत्थान चळवळीचं ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र इथं १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात उभं राहिलं. उजाड माळावर त्या लोकांनी झाडं लावून जी सावली केली, तेवढीसुद्धा पाहायला जावं.

आता पिकाकडे येऊ. इंग्रजांनी महाबळेश्वरात चिनी कैदी ठेवले होते. त्यांनी बटाटा आणि विलायती भाज्या पिकवून दाखवल्या, तेव्हापासून हा डोंगर परदेशी रोपांना सरावलेला आहे. स्ट्रॉबेरी आता राणी झाली. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि देशातली बहुतांश स्ट्रॉबेरी या टापूतून जाते. लोकांना वाटतं, थंड हवा आहे, येत असेल आपोआप. तसं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी परदेशातून मातृरोपं येतात. पावसाळाभर त्यांच्या धावत्या फांद्यांपासून रोपवाटिकेत नवी रोपं करायची, तीही पाऊस कमी अशा जागी. पाऊस ओसरला की गादीवाफे करायचे, त्यावर ठिबकची नळी, वर काळा प्लास्टिकचा कागद, कागदाला भोकं पाडून रोप. नोव्हेंबरअखेरीस फळ सुरू होतं ते एप्रिलपर्यंत. तोडणी सकाळच्या गारव्यात, देठासकट, दोन बोटांत धरून. उन्हं चढली की फळ मऊ पडतं. दुपारी पेट्या भरायच्या, रात्री गाडी पुण्या-मुंबईला. जे फळ दिसायला साजरं नाही ते गर काढणाऱ्या कारखान्यांकडे. जॅम आणि सरबतांचा उद्योग या भागात १९५९ पासून आहे, त्यामुळे उरलेल्या फळाला निदान दार आहे. एक अवकाळी पाऊस जानेवारीत आला, की पिकलेलं फळ जाग्यावर नासतं आणि रोपांचं कर्ज अंगावर राहतं. तुमच्या पेल्यातल्या क्रीमच्या तळाशी एवढं सगळं असतं.

स्ट्रॉबेरीला पाणी लागतं ते हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात, म्हणजे नेमकं पर्यटकांना लागतं तेव्हाच. इथं गोष्ट पुन्हा त्या जांभ्याच्या झाकणापाशी येते. झाकणावर पडलेला पाऊस मुरला तर झरा वाहणार, झरा वाहिला तर विहिरीला पाणी. पठारावर आणि त्याच्या उतारावर डांबर आणि काँक्रीट पसरलं, तर तेच पाणी गटारातून तासाभरात दरीत जातं. माझ्या लहानपणी आमच्या गावाखालचा झरा वैशाखात करंगळीएवढा का होईना, पण वाहायचा. आता होळीला तो गप्प होतो. मग बोअर मारायची, आणि शेजाऱ्यानं मारली म्हणून आपण आणखी खोल.

केंद्र सरकारनं १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर केला. बांधकामाची उंची, झाडतोड, खाणी यांवर बंधनं आली. त्या कायद्यावर आमच्या गावांत दोन मतं आहेत, आणि दोन्ही बाजूंना माझे नातेवाईक आहेत. शहरातला धनिक दलालामार्फत जमीन घेतो, आणि परवानग्यांची वाट काढून बंगला बांधतो. गावच्या माणसाला मात्र वाढत्या कुटुंबासाठी घराला एक खोली काढायची तर साताऱ्याच्या खेपा. त्याची चीड खरी आहे. पण कायदा नसता तर काय झालं असतं, हेही घाटातून वर पाहिलं की कळतं. मला विचाराल तर कायदा हवा, आणि तो गावठाणातल्या खोलीपेक्षा उतारावरच्या बंगल्याकडे आधी पाहणारा हवा. सातबारा एकदा दुसऱ्याच्या नावावर गेला, की आमचा माणूस स्वतःच्याच शेतावर रखवालदार म्हणून कामाला लागतो. अशी चार घरं मी बोटानं दाखवू शकतो.

नुसतं रडगाणं गाऊ नये. शहराचा कचरा जिथं वर्षानुवर्षं पडत होता, त्याच जागेचं नगरपालिकेनं बागेत रूपांतर केलं आणि त्याला स्वच्छ भारत पॉइंट म्हटलं. कचराडेपोवर लोक फोटो काढायला येतात, हे दृश्य आमच्या पिढीनं कल्पनेतही पाहिलं नव्हतं. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पाचगणी-महाबळेश्वरचे लाव्हाचे थर युनेस्कोच्या जागतिक वारशासाठी भारताच्या संभाव्य यादीत गेले. म्हणजे मी तीस वर्षं फळ्यावर खडूनं काढत होतो ते थर आता जगाच्या दप्तरी नोंदले गेले. यादी संभाव्य आहे, शिक्का अजून बसायचा आहे. शिक्क्याबरोबर गर्दी येईल, ती कुठं थांबवायची हे आधी ठरलेलं बरं.

जाता जाता भिलारबद्दल. पाचगणीपासून हाकेच्या अंतरावरचं हे स्ट्रॉबेरीचं गाव ४ मे २०१७ रोजी पुस्तकांचं गाव झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून कल्पना सुचली. सुरुवातीला पंचवीस घरांत-देवळांत मिळून हजारो मराठी पुस्तकं ठेवली गेली. कुणाच्या पडवीत कविता, कुणाच्या माडीवर चरित्रं, कुठं इतिहास. विकत घ्यायची सक्ती नाही, बसा आणि वाचा. माल्कमसाहेबांच्या त्या वेस्टरकर्क पॅरिशमध्येही अठराव्या शतकाच्या अखेरीस खाणकामगारांनी स्वतःचं वाचनालय काढलं होतं. त्याच पॅरिशमध्ये जन्मलेला मेंढपाळाचा मुलगा थॉमस टेलफर्ड पुढे ब्रिटनचा थोर पूल-बांधणारा झाला आणि मरताना त्यानं त्या वाचनालयासाठी पैसे ठेवले. भिलारला गेलात तर फळांच्या हंगामात मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी गाड्या लावायला जागा नसते आणि घरची माणसं रानात असतात. मी गेलो होतो तेव्हा एका ओसरीवर एक पोरगी मोडा बांधलेल्या हातानं पानं उलटत होती. तोडणी सुरू आहे, तू इथं कशी, विचारलं तर म्हणाली, पडले म्हणून सुट्टी मिळाली, हात बरा व्हायच्या आत हे संपवायचंय. पुस्तक जाडजूड होतं. अर्ध्याच्या पुढे आली होती.